हातभर बाहेर राहिलेली गाडी

आमच्या गॅरेजचं शटर पूर्ण खाली येत नाही. शटरमध्ये खोट नाही. आत गाडी नसली की ते सुरेख खाली येतं, बाबा त्याला दर महिन्याला तेल पाजतात. पण आत गाडी असली की ते तिच्या डिकीवर येऊन टेकतं, कारण गाडी हातभर बाहेर राहते. बोरिवलीत गोराईच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची गल्ली आहे. कुरिअरवाल्याला मी आता "ज्या गॅरेजमधून गाडी बाहेर आलीय ते घर" एवढंच सांगते, आणि तो बरोबर येतो.

ही चूक माझ्या वडिलांची. निदान वर्षभर मी आणि सगळी गल्ली तसंच म्हणत होतो.

बाबा फिटर. मालवणकडून मुंबईत आले ते गिरणीत लागले, गिरणी बंद पडली तेव्हा मालाडच्या एका वर्कशॉपमध्ये शिरले आणि तिथूनच निवृत्त झाले. हे घर त्यांनी घेतलं तेव्हा अंधार पडल्यावर रिक्षावाले इकडे यायला नाही म्हणायचे. दोन खोल्या होत्या, वर पत्रे. मग मधली खोली झाली, मग स्लॅब पडला. आता चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि त्यांच्या मधोमध आम्ही चार-पाच बैठी घरं उरलोय. आमच्या घरातली प्रत्येक फळी, खाट, शिडी, चौकट बाबांनी स्वतः मापून केलेली किंवा समोर उभं राहून करून घेतलेली. एकही वस्तू डुगडुगत नाही. माझे वडील देवाला किती मानतात ते मला नक्की सांगता येणार नाही, पण मापाला मानतात.

आणि माप घेणार ते सुतळीने. वर्कशॉपमध्ये एक सूत इकडचं तिकडे खपवून न घेणारा हा माणूस घरी टेपला हात लावत नसे. का, तर "आकडो माणूस इसारता. गाठ कोण इसारता?" एक टोक धरायचं, सुतळी ताणायची, माप संपेल तिथे गाठ मारायची आणि त्या सुतळीला चिठ्ठी बांधून ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. त्या डब्यात आमचं सगळं घर गुंडाळून ठेवलेलं आहे. 'खाट.' 'देवाची फळी.' 'मुलीचं टेबल.' नियम एकच होता: एका सुतळीला एकच माप, एकच गाठ. दोन गाठी झाल्या तर उद्या खरी कुठली ते कोण सांगणार?

दुसरं टोक धरायचं काम माझं. पहिलीत असल्यापासून. मी एकुलती एक, त्यामुळे या पदाला दुसरा उमेदवारही नव्हता. "ओढू नको, सोडू नको," बाबा दर वेळी सांगायचे, जणू मी काल जन्मले. पुढे मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले, केस पिकले, तरी घरात काही मापायचं निघालं की बाबा हाक मारायचे, "गो, टोक धर," आणि मी हातातलं काम टाकून जायचे. लग्न मी केलं नाही. त्यामुळे टोक धरायला घरात कायम हजर राहिले, असं आई चिडवते.

आता आईच्या खिडकीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

घराच्या एका बाजूला पुढून मागपर्यंत मोकळी पट्टी होती. पुढच्या टोकाला रस्ता, मागच्या टोकाला कंपाउंडची भिंत, आणि त्या भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक. फाटकापलीकडे मागच्या गल्लीतल्या एका गुजराती बाईंचं घर. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी या पट्टीत उघडते, अगदी मागच्या टोकाला. गेली तीस-पस्तीस वर्षं त्या बाई सकाळी एकदा आणि दुपारच्या चहानंतर एकदा फाटकातून येतात, खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकतात आणि आई आतून ओट्याला टेकते. आई त्यांना बेन म्हणते, त्या आईला बेन म्हणतात. दोघी कोणत्या भाषेत बोलतात ते मला आजवर समजलेलं नाही. अर्ध्या वाक्यात मराठी संपतं, मग गुजराती, मग दोघी हसतात.

खिडकीतून वाट्या जायच्या. तिकडून हांडवो, छुंदा. इकडून घावणे, अळूवडी आणि सोलकढी, जिला बेन गुलाबी छास म्हणतात. वाटी रिकामी परत करायची नाही, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. त्यामुळे त्यांची एखादी वाटी कायम आमच्याकडे आणि आमची एखादी त्यांच्याकडे. कधीकधी चार-पाचही साठायच्या. ग्रिलमधून मोठी वाटी जाईना तेव्हा बाबांनी एक गज कापून बरोबर वाटीएवढी जागा केली होती. 'वाटी' अशी चिठ्ठी लावलेली सुतळी डब्यात आहे. आणि बुधवार, शुक्रवार, रविवार आमच्याकडे मासे, तेव्हा खिडकीचं डावं दार लावलेलं असायचं. बेननी ते बघितलं की त्या फाटकातूनच हात करून मागे फिरायच्या. एवढ्या वर्षांत यावर दोघींत एक शब्द झालेला नाही.

अलीकडे आईचे गुडघे गेले. पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरायच्या म्हणजे तिला घाम फुटायचा. बेनही काठी घेऊन चालू लागल्या. आईला माणसांत जायचं म्हणजे ती खिडकी, बाकी टीव्ही.

आणि मी काय केलं, तर ती खिडकीच काढायला निघाले.

माझा हेतू चांगला होता. आईला डॉक्टरकडे न्यायचं तर तीन पायऱ्या, मग गल्लीच्या तोंडापर्यंत चालणं, मग जवळचं भाडं नको म्हणणारे रिक्षावाले. एकदा तर ती गल्लीच्या तोंडाशी कोणाच्या तरी स्कूटरवर टेकून रडली, दुखतंय म्हणून, आणि माझं डोकंच फिरलं. मी गाडी बुक केली. बाजूच्या पट्टीत घराला लागून गॅरेज बांधायचं, पार मागच्या भिंतीपर्यंत. स्वयंपाकघराची खिडकी फोडून तिथे दार काढायचं. आई ओट्यापासून निघाली की थेट गाडीत, एकही पायरी नाही! ही कल्पना मला एवढी आवडली की मी लॅबमध्ये, गल्लीत, भाजीवालीला, सगळ्यांना सांगून टाकली. पालिकेत खेपाही मीच घातल्या.

खिडकी जाणार, फाटक बुजणार हे मला दिसत नव्हतं असं नाही. बेन पुढच्या दाराने येतील, मी म्हटलं. पुढच्या दाराने म्हणजे दोन गल्ल्यांना वळसा, खणून ठेवलेला रस्ता आणि वर त्या तीन पायऱ्या, हातात काठी आणि वाटी घेऊन. हे मी डोळ्यांसमोर आणलंच नाही.

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कर गो बाय. माझ्यासाठीच करतेस ना." बाबा म्हणाले, "बघूया." आमच्याकडे या दोन्हींचा अर्थ होकार असा मी धरते. सोयीचं असतं.

माप घ्यायला बाबा माझ्याबरोबर शोरूममध्ये आले, खिशात सुतळी. चकचकीत फरशीवर त्यांनी चपला काढल्या, गाडीच्या नाकाशी उकिडवे बसले आणि हाक मारली, "गो, टोक धर." टाय लावलेला सेल्समन म्हणाला, "सर, लांबी-रुंदी पुस्तकात दिलेली आहे." बाबांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. मी लाजेने अर्धमेली होत डिकीपाशी टोक धरून उभी राहिले. गाडीची लांबी आणि वर हातभर मोकळी जागा, एवढं धरून त्यांनी गाठ मारली. "बसली गाडी," ते म्हणाले.

मिस्त्रीने पट्टीत फक्की टाकून पांढरी रेघ मारली तो शनिवार होता. रेघ खिडकीच्याही पुढे, मागच्या भिंतीपर्यंत गेली. त्या दिवशी आईने मांडणीतून बेनच्या साठलेल्या सगळ्या वाट्या काढल्या. पाच होत्या. घासल्या, पुसल्या आणि सगळ्या भरल्या. एकीत नारळाची वडी, एकीत लोणचं, एकीत काय काय. एकामागून एक पाचही तिने गजाच्या फटीतून बेनच्या हातात दिल्या. बेन म्हणाल्या, "बेन, आज काय दिवाळी?" मग त्यांनी खाली पांढरी रेघ बघितली आणि वाट्या घेऊन फाटकाकडे वळल्या. थोड्या वेळाने त्या परत आल्या, आमच्या दोन वाट्या घेऊन, भरून. आईने त्या रिकाम्या करून मांडणीत ठेवल्या. आमच्या वाट्या आमच्याकडे, त्यांच्या त्यांच्याकडे. असं या घरात कधी झालं नव्हतं.

मी ओट्याशी चहा पीत होते. म्हणाले, "बरं झालं, मांडणी तरी आवरलीस." बाबा बाहेर पट्टीत सुतळी हातात घेऊन उभे होते. खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, नव्या दाराच्या लिंटेलचा विचार करताहेत.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या नव्या मशीनच्या ट्रेनिंगला मी पुण्याला गेले ती दीड महिना. बाबा फोनवर एवढंच सांगायचे, "काम चालू आसा." परत आले तो गॅरेज उभं होतं. प्लास्टर झालेलं, शटर निळं. आणि त्याची मागची भिंत खिडकीच्या अलीकडेच थांबलेली. खिडकी जागच्या जागी, फाटक जागच्या जागी, मधे दोन हातांचा बोळ. आईसाठी दार मधल्या खोलीतून काढलेलं, पुढे हलका उतार. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "एवढा पुरता. सुतळीन मापलाय." त्यांनी मापलंय म्हटल्यावर माझा प्रश्नच मिटला. खिडकी राहिली याचं मला बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या रविवारी गाडी आली. गल्ली जमली. आईने मधल्या दारात बसून हळदकुंकू लावलं, बाबांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. मी गाडी हळूच आत घेतली, अजून आत, अजून आत, पुढचं नाक भिंतीला लागायला आलं, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, बस! मागे अजून हातभर बाकी आहे!" मी उतरून बघितलं. डिकी गटारावरच्या लादीवर. शटर अर्ध्यात. आधी एक जण हसला, मग सगळी गल्ली.

मला राग आवरत नाही, हे माझ्या ओळखीचे सगळे जाणतात. पण त्या दिवशी मी जे बोलले ते रागाच्याही बाहेरचं होतं. "तुमचा तो डबा आणि तुमच्या त्या सुतळ्या!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "एक टेप धरला असता तर हात झडले असते का? आयुष्यभर फिटर म्हणून मिरवलात आणि घरच्या एका गॅरेजची वाट लावलीत!"

बाबांच्या हातात फोडलेल्या नारळाची कवड होती. ते म्हणाले, "सुतळी भिजली होती. आटली वाटता." आणि हात धुवायला आत गेले.

भिजलेली सुतळी आटते, हे खरं आहे. मला शंका घ्यायला जागाच नव्हती, आणि रागात असताना मी जागा शोधत नाही.

त्यानंतर गल्लीने बाबांना सोडलं नाही. कोणी डिकीवर पिशवी टेकवून उभा राहायचा, कोणी विचारायचा, "फिटरसाहेब, गाडीला पाय फुटले काय?" बाबा हसायचे. ज्या माणसाने वर्कशॉपमध्ये साहेबाला माप चुकलं म्हणून सुनावलं होतं, तो हसायचा. मला त्यांची दया यायची आणि दया आली की मी आणखी तुटक वागायचे. एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. काही मापायचं असलं की बाबा मला हाक मारीनासे झाले. भिंतीत खिळा ठोकायचे, त्याला सुतळीचं टोक अडकवायचे आणि एकटेच माप घ्यायचे. म्हातारपण, मी म्हटलं.

यंदा मधल्या खोलीच्या खिडकीला डासांची जाळी लावायची होती. रविवारची दुपार, बाबा झोपलेले. त्या खिडकीची सुतळी असेलच म्हणून मी डबा काढला. वरच 'गॅरेज' चिठ्ठीची सुतळी होती. तिला दोन गाठी होत्या.

मी बाकीच्या सगळ्या सुतळ्या उलगडून बघितल्या. साठ वर्षांच्या सुतळ्या होत्या त्या डब्यात, काही तर या घराच्याही आधीच्या, आणि दोन गाठींची एकही नव्हती. मग ती घेऊन गॅरेजमध्ये गेले. गाडीच्या नाकापासून डिकीपर्यंत लावली. पहिल्यांदा मारलेली, दूरची गाठ डिकीच्या पलीकडे बरोबर हातभर गेली. शोरूममध्ये ठरलं होतं तेवढीच. सुतळी सूतभरही आटलेली नव्हती. मग गॅरेजच्या मागच्या भिंतीपासून शटरपर्यंत लावली. अलीकडची गाठ शटरच्या पट्टीवर येऊन थांबली. तीही बरोबर. दोन गाठींमध्ये दोन हातांचं अंतर, म्हणजे आईच्या खिडकीएवढं.

ज्या माणसाचं माप आयुष्यात चुकलं नव्हतं, त्याने ते त्या शनिवारी, पाच वाट्या परत गेलेल्या बघून, मुद्दाम चुकवलं होतं. मी गॅरेजच्या फरशीवर बसले आणि रडले. नारळाची कवड हातात धरून उभे असलेले बाबा डोळ्यांसमोरून जाईनात.

सुतळी घेऊन मी आईकडे गेले. ती खिडकीपाशी स्टुलावर बसून बांगड्यांना मसाला चोळत होती. डावं दार लावलेलं. तिने सुतळी बघितली, माझं तोंड बघितलं.

"तुका आता कळला?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"लग्न झाल्यापासून त्यांची एक फळी वाकडी बघितली नाही मी. आणि गॅरेज हातभर चुकेल?"

"मग बोलली का नाहीस? मी सगळ्या गल्लीसमोर त्यांना नको नको ते बोलले."

"बोलले असते तर त्यांना कबूल करावं लागलं असतं, बायकोच्या खिडकीसाठी केलं म्हणून. जमलं असतं त्यांना? लाजून गावाला निघून गेले असते." तिने बांगडा उलटा केला. "आणि मलाही कबूल करावं लागलं असतं की मला तुझं दार नको होतं. एवढी हौसेनं करत होतीस तू. आम्ही दोघांनी तुला कसं सांगायचं होतं, सांग."

मी सुतळी गुंडाळली. मांडणीत बेनची एक वाटी होती, खाली चमचाभर छुंदा उरलेली.

संध्याकाळी बाबा पुढच्या पायरीवर पेपर घेऊन बसले होते आणि मी गाडी पुसत होते. समोरच्या टॉवरमधले एक निवृत्त गृहस्थ रोज फिरायला निघतात आणि रोज काहीतरी टाकून जातात. त्या दिवशी म्हणाले, "काय फिटरसाहेब, गाडी वाढतेय की गॅरेज आटतंय?"

"काका," मी म्हटलं, माझ्या नेहमीच्या वरच्या पट्टीत, म्हणजे आजूबाजूच्या दोन घरांनाही ऐकू जाईल असं, "माप बाबांचं बरोबर होतं. चूक माझी. मीच त्यांना चुकीचं सांगितलं होतं."

गृहस्थ "अस्सं?" म्हणाले आणि जरा हिरमुसून पुढे गेले. पेपर खाली आला नाही. थोड्या वेळाने त्याच्यामागून आवाज आला.

"गेलो काय तो?"

"गेले."

"खोटा कित्याक बोललंस?"

"खोटं कुठे? दुसरं टोक माझ्याच हातात होतं ना, बाबा."

पेपर खाली आला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीच्या डिकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला माफी मागायची होती, शब्दही जुळवले होते, पण ते तेवढ्यात उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात नव्या सुतळीचा गुंडा होता.

"मागे ऊन लागून रंग जातलो गाडीचो," ते म्हणाले. "तेवढ्या भागाला जाड कापड शिवून घेऊया."

ते शटरखाली, डिकीशी उकिडवे बसले. खिळा-हातोडी त्यांनी आणलीच नव्हती. सुतळीचं एक टोक स्वतःकडे ठेवून दुसरं त्यांनी वर न बघता माझ्यापुढे केलं.

"गो, धर. ओढू नको, सोडू नको."

मी टोक धरलं.